अर्धं रडणं

कुंडल,
१४ ऑक्टोबर २०२४

स्वानंदी,

आशीर्वाद शेवटाला लिहीन, द्यावासा वाटला तर.

मावशी फोन का उचलत न्हाई म्हणून तू माझ्या लेकीला, मयूरीला विचारलंस म्हणं. मुद्दाम उचलत न्हाई. तुझ्यापुढं मी आता तोंडानं एक शब्द बोलणार न्हाई. माझं बोलणं तू धरून ठेवतीस. कागदाला आवाज नसतोय, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतची शाळा हाय माझी, येतंय तसं लिहितेय, तू तसं वाच. पोष्टात पाकीट मागितलं तर तिथला पोरगा हसाय लागला. म्हणला, "काकू, पत्र? कुणाला एवढं?" म्हणलं, "चोराला. तिकीट चिकटव गप."

परवा मयूरीचा विट्यासनं फोन आला. हुंदक्यानं बोलता येईना. तिला सहावा महिना लागलाय हे तुला ठाऊक हाय का न्हाई देव जाणे. शिवतेजला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कुठल्यातरी दोस्तानं गाडीत बसवून गाणं ऐकवलं. "तुझ्या चुलतबहिणीचं हाय, लय चाललंय." तर आधी माझं रडणं आलं. मग तुझी गिटार. मग तू गायलीस. त्यानं ते घरी नेऊन तुझ्या आजीपुढं, दगडाबाईपुढं लावलं. पोटुशी पोरगी चुलीपाशी बसलेली आणि त्या घरात मयताचं रडणं वाजलं. तुला काय वाटतंय का?

तुझी आई गेली तवा मी तिच्या उशाला बसून रडले. शालन माझी धाकटी बहीण. तिला मी कडेवर घेऊन शाळंत गेले, म्हणून तर माझी शाळा चौथीत संपली. मी रडले ते तिच्यापाशी रडले. आपल्यातली बाई नुसती रडत न्हाई, बोलत रडती, हेल काढून. जे जल्मभर बोलायचं न्हाई ते त्या टायमाला बोलायचं. सासूला, दिराला, नवऱ्याला, सगळ्यांच्या तोंडावर. आणि ज्याला बोललं त्यानं रागवायचं न्हाई. मढं उचललं, घर सारवलं, आंघोळी झाल्या, की ते बोलणं तिथंच संपलं. घरी न्यायचं न्हाई, पुन्हा काढायचं न्हाई. दगडाबाईला मी काय काय म्हणाले! तिनं खाली मान घालून ऐकलं, आणि तिसऱ्या दिवशी मला स्वतः भाकरी वाढली. असं असतंय ते.

तू दारात फोन कानाला लावून उभी हुतीस. डोळ्यात टिपूस न्हवतं. आमी बायका एकमेकींना म्हणलो, पोरगीला धक्का बसलाय. धक्का कसला, तू माझं रडणं फोनात भरून घेत हुतीस.

आता ते रडणं ऱ्हायलं न्हाई, आरोप झालाय. दगडाबाई म्हणतीया नातसून बाळंतपणाला कुंडलला पाठवणार न्हाई. माझी लेक त्या घरात बाळंत होणार, ज्या घरात तुझ्या आईला मिरजंच्या दवाखान्यात न्यायला 'उद्या बघू' म्हणत दिवस घालवलं. समजलं?

ते गाणं काढ. मी ऐकलं न्हाई आणि ऐकणार बी न्हाई. काढ.

शकुमावशी


सातारा,
२१ ऑक्टोबर २०२४

मावशी,

चोराकडून नमस्कार.

तुझं पत्र मी गाणं शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर आलं. मुलांचा तबला चालू होता, मी जिन्यात बसून वाचलं. रागाव, तुझा हक्क आहे. पण एकदा माझंही ऐक.

हा अल्बम कुठल्या कंपनीनं काढलेला नाही. शाळेतून आल्यावर माझ्याच खोलीत केलाय, एक माइक, एक गिटार. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना आईनं लुगड्यांच्या शिवलेल्या जाड वाकळा टांगल्या होत्या. ऋषिराज नावाचा मित्र आहे, त्यानं ध्वनिमुद्रण केलं. नेटवर मीच टाकला. नाव 'उंबरा'. सात गाणी माझी आहेत. आठवं तुझं आणि आईचं. शब्दांखाली तुझं नाव घातलंय, चोर असं करत नाहीत. तुझा खरा आवाज सुरुवातीला अर्धं मिनिट आहे, पुढं मी गाते.

मावशी, ते आठवं गाणं ऐकून लोक मला काय काय लिहितात! एका बाईनं लिहिलं, गाडी बाजूला घेऊन रडले, माझ्या बहिणीचंही असंच झालं. हे मी काढून टाकू?

आणि तू जी रीत सांगितलीस तीच मला पटत नाही. बाईनं खरं बोलायचं ते फक्त मढ्यापाशी, आणि आंघोळ झाली की सगळ्यांनी विसरायचं? ही सोय कोणाची आहे? आजीची आहे. बाबांची आहे, जे कोइमतूरला सोनं गाळत बसले आणि आई गेल्यावर दिवा लावायला आले. तुझी नाही आणि आईची तर नाहीच. तू घाबरतेस म्हणून तुला ती चांगली वाटते.

मयूरीला पाठवत नाहीत हे चूक आहे. पण ती चूक त्यांची आहे, गाण्याची नाही.

आईला हे गाणं आवडलं असतं. सोबत पेनड्राइव्ह पाठवतेय. ऐक आणि मग बोल.

स्वानंदी


कुंडल,
७ नोव्हेंबर २०२४

स्वानंदी,

पेनड्राइव्ह पिठाच्या डब्यात टाकलाय. ऐकलेला न्हाई.

मी घाबरते व्हय? घाबरणारी बाई दगडाबाईच्या घरात बसून दगडाबाईला बोलती काय? तू साताऱ्यात खोलीला कडी लावून गायलीस. मी त्यांच्या तोंडावर बोलले. कोण घाबरट ते तू ठरव.

भाऊबीज झाली आणि मी विट्याला गेले. करंज्या, नारळ, मयूरीला हिरवं लुगडं, सगळं रीतीनं. पहिलं बाळंतपण माहेरात, हे काय मी नवीन काढलेलं न्हाई. दगडाबाई सोप्यात कॉटवर बसलेली. मला बघून म्हणली, "या ईहीणबाई. रडाय आलाय का पोरगीला न्ह्याय आलाय?"

म्हणलं, "न्ह्याय आलेय, आत्या."

"मग बसा. च्या घ्या. आणि जावा."

शिवतेज आतनं आला. पोरगा वाईट न्हाई, खरं सांगते. म्हणला, "आई, तुमचा आवाज माझ्या मित्रांच्या फोनात हाय. सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानात कोइमतूरला पोरं लावून ऐकत्यात. अण्णाकाका दुकानात खाली मान घालून बसत्यात. मी कुणाकुणाचं तोंड धरू?" अण्णा म्हणजे तुझा बाप.

मी म्हणलं, "मी ते केलेलं न्हाई. तिनं केलंय. माझ्या लेकीचा काय गुन्हा?"

तर म्हातारी उठून बसली. काठी आपटून म्हणली, "शके, तू मला मढ्यापाशी काय काय म्हणालीस, ते मी कानानं ऐकलं. रागावले व्हय मी तुला?"

"न्हाई रागावला."

"भाकरी वाढली का न्हाई?"

"वाढली."

"मग ह्या गाण्यात आमीच का गं? बाकीची कुठं गेली?"

मला काय उमगलं न्हाई. म्हणलं, "आवं आत्या, गाण्यात सगळं मावत नसंल." तशी ती तोंड फिरवून बसली. "आधी त्यो तमाशा बंद कर, मग पोरगी ने."

मयूरी सैपाकघराच्या दारात उभी. पाय बघितलं तर सुजलेलं. बोट दाबलं, खळगा पडला, भरून येईना. म्हणलं, दवाखान्यात दाखवलं का? तर म्हणली, "उद्या जाऊया म्हणत्यात."

उद्या. त्याच दारात, त्याच खांबाला धरून तुझी आई मला हेच म्हणली हुती.

करंज्यांचा डबा तसाच ठेवून एस्टीनं परत आले. कंडक्टर म्हणला, मावशी कुठं? मला गावाचं नावच आठवंना.

आणि तू लिहितीस, आईला आवडलं असतं. तुझ्या आईला काय आवडत हुतं हे तुला कवापासनं कळाय लागलं? ह्याचं उत्तर दे आधी. गाणं काढ.

शकुमावशी


सातारा,
१३ नोव्हेंबर २०२४

मावशी,

तुझं पत्र वाचून मी लगेच शिवतेजला फोन लावला. लावायला नको होता. मी त्याला कायदा सांगायला गेले, गरोदर बाईला अडवून ठेवता येत नाही वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आता काढलंस तरी काय उपयोग न्हाई. लोकांनी उतरवून घेतलंय. तू फक्त एक कर, आमाला शिकवू नको." आणि मागून आजीचा आवाज आला, "तिला सांग, आता पोरगी हितंच बाळंत हुईल."

म्हणजे मी आणखी बिघडवलं. माहीत आहे मला.

एक सुचतंय. मी नेटवर लिहिते की शब्द सगळे माझेच आहेत, मावशीचा काही संबंध नाही. तुझा आवाजही काढते. मग त्यांचा राग माझ्यावर राहील. मी तशीही विट्याला जात नाही.

मयूरीच्या पायांचं लिहिलंस, ते मी इथल्या एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली रक्तदाब बघायलाच हवा, थांबू नका.

बाकी तू विचारलंस त्याचं उत्तर नंतर देईन.

स्वानंदी


कुंडल,
२४ नोव्हेंबर २०२४

स्वानंदी,

ऐकलं.

रक्तदाबाचं मयूरीला फोनवर सांगितलं, तिथं अजून 'उद्या'च चाललंय. तुझी ती युक्ती वाचली आणि डोकं फिरलं. आधी माझं रडणं नेलंस, आता शब्द बी तुझेच म्हणून सांगणार. म्हणलं बघू तरी, काय एवढं नेलंय. पेनड्राइव्ह पिठातनं काढला, पुसला. घरात लावायला काय न्हाई. शेजारच्या मानसिंगचा ट्रॅक्टर ऊस घालून कारखान्यावरनं आला हुता, त्याच्यात बॉक्स हाय, अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असला. मानसिंग म्हणला, "काकू, कुठली गाणी लावू?" म्हणलं, "तू उतर. चावी ठेव. जा च्या पी."

भर दुपारी ट्रॅक्टरवर बसून तुझी आठ गाणी ऐकली. पहिलं घाटाचं बरं हाय. तिसऱ्यात तू एकच ओळ किती बाऱ्या म्हणतीस, मला वाटलं यंत्र अडकलं. पाचवं कुठल्या पोराबद्दल हाय ते मी इचारत न्हाई. गळा चांगला हाय तुझा. आईचा हाय. तो तुला फुकट मिळालाय, त्याचा माज करू नको.

मग आठवं लागलं. माझाच आवाज. एवढा वंगाळ लागतोय माझा आवाज हे मला ठाऊक न्हवतं. त्यामागं तू गायलीस:

सोनं गाळाया गं धनी गेला परमुलखाला,
वाट बघता शालन माझी वाळून गेली गं.

खरं हाय, मी म्हणले हुते. पुढं:

सासू तुझी गं दारात, उद्या उद्या म्हणत ऱ्हायली,
मिरजंच्या वाटंला गाडी कवा न्हाई लागली गं.

हे बी म्हणले हुते. मग तू गिटार वाजवलीस, लय वेळ वाजवलीस, आणि गाणं संपलं.

मी ट्रॅक्टरवर तशीच बसून ऱ्हायले. पुन्हा लावलं. पुन्हा संपलं. आणि तवा मला दगडाबाईचं बोलणं उमगलं. बाकीची कुठं गेली?

बाई रडाय बसली की एकाला धरून दुसऱ्याला सोडत न्हाई. सासरच्यांना बोलायचं, माहेरच्यांना बोलायचं, आणि शेवटाला स्वतःला बोलायचं. सगळ्यांच्या वाट्याला येतंय, म्हणून कुणी रागावत न्हाई. मी मला सोडलं न्हवतं. मी म्हणले हुते:

मी बहीण गं कुंडलची, उसापाण्यात गुतली,
आज येते उद्या येते, माझी जीभ गं खोटी झाली.

आणि त्याच्या आधी तुला म्हणले हुते. इसरलीस व्हय? तुझ्याकडं बघून म्हणले हुते:

लेक तुझी गं साताऱ्याला, तारा जुळवीत बसली,
आईच्या हाकंला गं तिनं आतनं कडी लावली.

ती ओळ कुठं हाय? सगळं भरून घेतलंस तर ती बी आली असंल की तुझ्या फोनात. कापलीस. माझी बी कापलीस, म्हणजे तुझी कापली हे दिसू नये. म्हातारीला ठेवलंस, बापाला ठेवलंस, तू तेवढी निसटलीस. आणि वर मला शिकवतीस, ही सोय कुणाची. ही सोय तुझी!

मला चोरीचा राग हुता. आता चोरी गेली खड्ड्यात. अर्धं रडणं म्हणजे शिवी असती. माझ्या बहिणीच्या मरणाची तू शिवी केलीस आणि ती माझ्या आवाजात दिलीस. दगडाबाई रागावली ते बरोबर हाय. मी तिच्या जागी असते तर काठीनं मारलं असतं.

आता काढू नको. काढून काय होणार, तुझ्या भावानं सांगितलंय. मार्गशीर्षात शालनचं वर्षश्राद्ध हाय विट्याला. त्या दिवशी बायकांना रडाय मोकळीक असती, मयूरीला शेजारच्या घरात बसवतील. तू ये. गिटार न घेता ये. आणि जे कापलंस ते स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांच्या म्होरं म्हण.

न्हाई आलीस तर मला मावशी म्हणू नको.

शकुंतला


सातारा,
२ डिसेंबर २०२४

मावशी,

म्हणेन, तुला काय करायचं ते कर.

होय, कापली. ऋषिराज म्हणत होता, ठेव. मी म्हटलं, गाणं लांबतंय. आता तरी समाधान झालं?

तू विचारलं होतंस, आईला काय आवडतं हे तुला कधीपासून कळायला लागलं. घे उत्तर. ध्वनिमुद्रण चालू असताना जवळ फोन चालू असला की माइकमध्ये गुर्रगुर्र येते. म्हणून फोन बंद करून खालच्या कपाटात ठेवायचे. शाळेतून आले की बंद, झोपताना चालू. तेव्हा आईचे फोन येऊन गेलेले दिसायचे. मी म्हणायचे, सकाळी करू. सकाळी शाळा असायची. वर भिंतीवर तिच्याच वाकळा, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. हे मी रोज बघते. तुझ्या ओळीची मला गरज नाही.

पण तुम्हीही काही कमी नाही. तुला विचारलं होतं, आई कशी आहे? तू म्हणालीस, जरा अशक्तपणा हाय, तू तुझं काम कर. बाबा म्हणाले, गोळ्या चालू आहेत. सगळ्यांनी मला लांब ठेवलं आणि नंतर सगळ्यांदेखत माझ्या तोंडावर ती ओळ मारलीस. तुम्हाला सगळ्यांना रडून मोकळं होता आलं. माझ्या हातात फोन होता. तो खाली ठेवला असता तर मी पडले असते, एवढंही कोणाला दिसलं नाही.

मी विट्याला येणार नाही. ती ओळ मला गाता येत नाही. चारदा प्रयत्न केला, चारही वेळा मध्येच माइक बंद केला. गाता येत नाही ते रडता कुठून येणार?

स्वानंदी


कुंडल,
२० डिसेंबर २०२४

स्वानंदी,

तू आलीस. येणार न्हाई म्हणून लिहून आलीस, हे एकदम शालनचं.

तू उठून पाणी न पिता गेलीस, बापानं हाक मारली तरी वळली न्हाईस. म्हणून मागनं काय झालं ते तुला ठाऊक न्हाई. ते सांगाय हे पत्र.

आधी तुझं. तू उंबऱ्यात आलीस तवा मी तोंड बघितलं न्हाई, हात बघितलं. दोन्ही रिकामं. मग म्हणलं, बसू दे. तू शालनच्या फोटोपुढं बसलीस आणि कितीतरी वेळ तोंड उघडंना. बायका एकमेकींकडं बघाय लागल्या. दगडाबाईची जाऊ तर पुटपुटली, "गाणारी आली आणि गप बसली." मला उठून तुझ्या पाठीत धपाटा घालावासा वाटत हुता. आणि मग तू ते म्हणालीस. कडी आतनं लावली. सूर कुठल्या कुठं गेला तुझा. गळा फाटला, शब्द मोडलं, मधीच शेंबूड पुसलास. आणि पुढं तू जे घातलंस ते माझं न्हवतं. कपाटाचं आणि वाकळंचं. ते तुझं हुतं, मी ते हितं लिहीत न्हाई. दोष देताना तू मला बी सोडलं न्हाईस. अशक्तपणा हाय म्हणून सांगणारी मावशी. बरं केलंस. माझ्या वाट्याचं मला मिळालं, मी खाली मान घालून ऐकलं.

तू गेलीस. बायका डोळं पुसत उठाय लागल्या. तेवढ्यात कॉटवरनं आवाज आला. दगडाबाई. आधी वाटलं खोकतीया. तिनं हेल काढला. मला तिचं वय किती ते ठाऊक न्हाई, पण त्या घरात ती येऊन एवढी वर्षं झाली, कुणी तिला रडताना बघितली न्हवती. नवरा गेला तवा बी न्हाई. तिनं शालनला नावानं हाक मारली आणि स्वतःचं बोलली. गाडीचं बोलली. त्या दिवसाचं बोलली.

काय बोलली ते मी सांगणार न्हाई. तू इचारू बी नको. ते तुझ्या फोनात न्हाई, माझ्या कागदावर न्हाई. तिथं संपलं.

मग घर सारवलं, आंघोळी झाल्या, पानं वाढली. तुझा बाप जेवला न्हाई. त्याच्या वाटणीचं तो कवा बोलणार, त्याचं त्याला ठाऊक. म्हातारीनं मला भाकरी वाढली. वाढता वाढता म्हणली, "शके, पोरगीचं कपडं भर."

म्हणलं, "आत्या, आता अंधारेल. उद्या सकाळी शिवतेज गाडी काढंल."

तशी भाकरीची टोपली खाली ठेवली तिनं. "उद्या नको," म्हणली. "आत्ता ने."

शिवतेजनं गाडी काढली. वाटंतच दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरीणबाई आमाला लय बोलली, एवढा रक्तदाब आणि आत्ता आणताय व्हय म्हणून. बोलू दे. गोळ्या चालू हायत, दर दोन दिवसांनी दाखवायचं. मयूरी आता हितं माझ्या म्होरं पाय वर करून पडलीया आणि मला म्हणतीया, आई, एवढं काय लिहितीस, फोन कर की.

फोन करणार न्हाई. राग गेलेला न्हाई माझा, एवढ्यात जाणार बी न्हाई. तू मला शेवटच्या पत्रात 'म्हणेन, तुला काय करायचं ते कर' असं लिहिलंस, ते मी जपून ठेवलंय. कवातरी तोंडावर मारीन.

गाण्याचं तुझं तू बघ. गायचं तर पुरतं गा, न्हाईतर गाऊ नको. पण माझा आवाज त्यातनं काढ. तवा तुला रडता येत न्हवतं म्हणून माझा घेतलास, असं मी धरते. आता तुला येतंय.

पहिल्या पत्रात आशीर्वाद ठेवून घेतला हुता. तो घ्यायला हितं ये. बाळंतपणाला हाताशी माणूस लागतंय आणि मला एकटीला हुणार न्हाई. गिटार आणलीस तरी चालंल, पाळण्याला लागंल. फोन मात्र पिठाच्या डब्यात जाईल, आधीच सांगते. लेकराचं पहिलं रडणं तरी त्याचं त्याला राहू दे.

शकुमावशी